खंदारे सरांचा मोसंबीचा मध

परभणी

लॉजवरच्या माणसानं "सिंगल का डबल?" विचारलं आणि मी "डबल" म्हणून मोकळी झाले. माझ्यामागून कोणी जिना चढून येतंय का, म्हणून तो बघत राहिला. मग मीही वळून बघितलं. "सिंगलच द्या," म्हटलं आणि किल्ली घेतली. रात्र गाडीत बसून काढलेली, डोकं जड झालेलं. पण चूक झोपेची नव्हती, हे त्यालाही कळलं असावं. त्यानं न मागता चहा वर पाठवला, तोही चांगला गोड. आमच्याकडे तेवढ्या साखरेत घरादाराचा चहा झाला असता.

पुण्यात आमच्या घराच्या मागच्या खोलीत मध तपासायचं काम चालतं. आमच्या म्हणजे श्रीकांतच्या आणि माझ्या. मी सूक्ष्मदर्शकाखाली मधातले परागकण बघायचे आणि माशी कोणकोणत्या फुलांवर फिरली ते सांगायचं. रसायनं, वास आणि चव नवऱ्याकडे. तो चमचा जिभेला टेकवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जांभूळ. पण शेवटी हिरडा येतोय." मग मी काचपट्टी लावायची, आणि जांभूळ असायचं, थोडा हिरडाही असायचा. गेल्या आषाढात तो गेला. तेव्हापासून मी नुसते पराग बघते आणि चवीसाठी कोणी विचारलं की "ते काम सध्या बंद आहे" असं सांगते.

अशात सेलू तालुक्यातून एक बाटली आली. वर शाळामास्तरी, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं, 'मोसंबीचा मध, शुद्ध'. पट्टी लावली आणि मी चाटच पडले. जिकडे बघावं तिकडे मोसंबी. वाटोळे, जाळीदार सालीचे, चार-पाच खाचांचे कण, नुसती जत्रा भरलेली. आता कोणाला वाटेल, मोसंबीच्या मधात मोसंबी नाही तर काय कारलं असणार? पण संत्रं, लिंबू, मोसंबी या घराण्यातला मध आपल्याच परागाच्या बाबतीत भारी चिक्कू असतो. माशी त्या फुलात शिरते ती मकरंदासाठी. पराग हाती लागतो तो बेताचाच. इतर बऱ्याच मधांत निम्म्याच्या आसपास कण त्या फुलाचे असावे लागतात, तेव्हा कुठं त्याला त्या फुलाचं नाव मिळतं. मोसंबीला दहात एक-दोन निघाले तरी पुरतात. आणि इथं जवळजवळ सगळेच मोसंबीचे! सगळा वर्ग पैकीच्या पैकी मार्क घेऊन आला की मास्तरांना जो संशय येतो, तो मला आला. कणांचे गठ्ठेच्या गठ्ठे होते, परागकोशाचे तुकडे होते, आणि एक बारीक केस होता. माणसाचा नव्हे, आणि माशीचा तर नव्हेच.

फोनवर कळवून विषय संपवता आला असता. मी फोन केलाही. पलीकडून खंदारे सर म्हणाले, "मॅडम, तुमी स्वतःच या की. बाग बघा, पेट्या बघा. काय लपवायचंय?" मी लगेच "येते" म्हणाले. खरं सांगायचं तर घरात बसवत नव्हतं. कुठंतरी जायला कारण हवं होतं, आणि हे कारण बरं होतं.

देवगाव फाटा

सेलूला गाडी बदलून देवगाव फाट्याची एसटी धरली. मांडीवर सूक्ष्मदर्शकाची पेटी, पायाशी हातानं फिरवायचं यंत्र. पाण्यात विरघळवलेला मध त्यात घालून गरागरा फिरवला की पराग तळाशी बसतो. कंडक्टरनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"रसवंतीचं हाय का?"

"मध तपासायचं आहे."

"मंग याचं बी हाफ तिकीट लागतंय," तो गंभीरपणे म्हणाला, आणि माझा हात पर्समध्ये गेल्यावर हसायला लागला. "राहू द्या मावशी. गंमत केली."

शेजारी एक म्हातारी बसलेली. तिनं माझ्या मांडीवर बोरं ओतली आणि चौकशीला बसली. तिकडं कोण हाय तुमचं? कोणी नाही. माहेर? नाही. लेक दिली का तिकडं? नाही. "मंग कशापायी जायलाव बाई?" मी म्हटलं, मध बघायला. तिनं माझ्याकडे बघितलं, आणखी बोरं दिली आणि पुढं काही विचारलं नाही. खिडकीबाहेर करडईची पिवळी-केशरी शेतं चालली होती. माझ्या माहेरी, वाईकडे, फेब्रुवारीत डोंगर तरी दिसतो, नजर कुठंतरी टेकते. इथं जमीन सपाट, काळी, लांबच लांब. बघताना माणसाला आपण फारच एकटे आहोत असं वाटायला लागतं. मला तर वाटायला निमित्तच लागत नाही.

मी फाट्यावर उतरले आणि खंदारे सर अलीकडच्या थांब्यावर माझी वाट बघत उभे होते. चूक कोणाची यावर आमचं अजून एकमत नाही. ते स्कूटरवरून येईपर्यंत मी हॉटेलातल्या बाकड्यावर बसून गरम भजी खाल्ली. बरोबर हिरव्या मिरच्या इतक्या दिल्या होत्या की भजी तोंडी लावायला असावीत.

सर म्हणजे शिडशिडीत गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वाटेत निम्मं गाव त्यांना "जयभीम सर", उरलेलं निम्मं "नमस्कार सर" करत होतं, आणि ते प्रत्येकाला उत्तर द्यायला हँडलवरचा हात सोडत होते. मी देवाचं नाव घेत मागे बसले.

घरात समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मधाच्या बाटल्यांची रांग. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायला लागले, कारण पाहताक्षणी दुसरं काही सुचलंच नाही. वहिनींनी ज्वारीची भाकरी, करडईची भाजी आणि येसराची आमटी वाढली. धान्यं आणि मसाले भाजून केलेलं हे पीठ आमच्याकडे कोणाला माहीत नाही. त्या आमटीला असा खमंग वास होता की मी तीनदा वाढून घेतली.

"साहेब न्हाई आले?" वहिनींनी विचारलं.

"आमच्याकडे चव ते बघतात," मी म्हणाले.

हे काही उत्तर नव्हतं. पण त्यांनी त्याचा अर्थ लावून घेतला, की साहेब पुण्यात कामात आहेत. मी दुरुस्त केलं नाही. भरल्या ताटासमोर ते शब्द काढवेनात. आणि आणखी एक: त्या घरात थोडा वेळ का होईना श्रीकांत पुण्यात कामात होता, ते मला फार बरं वाटलं.

संध्याकाळभर नवराबायको भांडत होती. तुमी पंपाचं बटण बंद केलं न्हाई. केलं. न्हाई केलं. तूच जाऊन बघ. वहिनी जाऊन बघून आल्या, बटण बंद होतं, तरी त्या म्हणाल्या, "मी केलं आत्ता." सर माझ्याकडे बघून हसले. मीही हसले आणि हात धुवायच्या निमित्तानं अंगणात गेले. माझ्या घरात आता पंपाचं बटण मीच चालू करते, मीच बंद करते, आणि त्यावरून एक शब्द होत नाही.

बाग

बाग सरांची नाही, शेजारच्या बाबारावांची. सरांच्या मधमाश्यांच्या पेट्या तिथं बांधाला ठेवलेल्या. सकाळी गेलो तर बहर ओसरत आलेला. आळ्यांमध्ये पांढऱ्या पाकळ्यांचा सडा आणि वास असा दाट, की बागेत शिरताना पावलं आपोआप हळू झाली. हिवाळ्यात इथं झाडाला ताण देतात. पाणी तोडतात, पानं मलूल होतात, आणि मग एकदम पाणी सोडलं की झाड सगळीकडून फुलतं. झाडाला असं उपाशी ठेवून फुलवायचं, हे मला कुठंतरी लागलं.

बाबाराव विहिरीच्या कठड्यावर तंबाखू मळत बसले होते. मोठं धिप्पाड शरीर, बोलणं मोकळं. त्यांनीच मला सगळं उघडउघड सांगितलं.

"हे बघा मॅडम, फळ गळायलंय, झाडं शेंड्याकडून वाळायलीत. जेसीबीवाल्याला सांगून ठेवलंय. परवा येतो अन् बाग काढतो. हळद लावायचीय. आता हे सर म्हणतात, हैदराबादचा व्यापारी हाय, मध मोसंबीचाच निघाला तर दरसाल बहराचा करार करायला तयार हाय. तसं असलं तर ठेवू की बाग. मी काय बागेचा दुश्मन हाय का? माझ्या बापानं लावलेली हाय. पण मध मोसंबीचाच हाय, हे कोण सांगणार? तर म्हणले, तुमी."

म्हणजे मी काय सांगते त्यावर ही झाडं राहणार का जाणार, ते ठरणार होतं. मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी आले नसते.

मी सरांकडे वळले. "सर, एक विचारू? ब्रश कुठला वापरता?"

मला वाटलं ते चपापतील. ते खुलले. "नकाशे रंगवायचा! खारीच्या केसांचा, एकदम मऊ. तुमाला पट्टीवर दिसला व्हय केस? कमाल हाय."

आणि त्यांनी सगळी कृती सांगितली, प्रयोगवहीत लिहावी तशी. गेल्या साली त्यांनी मध एका ठिकाणी तपासायला दिला होता. तिथून कळलं, मोसंबीचा पराग कमी, दहात दोनच. हे नाव देता येत नाही. "म्हटलं, पोरगं हुशार हाय, थोडक्यासाठी कशाला लटकवायचं? आमी शाळेत ग्रेस देतच होतो की. याच बागेतली फुलं, याच बागेतला पराग. सकाळी सकाळी ब्रशनं झटकून घ्यायचा अन् मधात मिसळायचा. बाहेरचं कणभर न्हाई घातलं, मॅडम. शपथ."

बाबारावांना हसू आवरेना. मला मात्र हसता येईना. मी तिथंच आळ्याच्या कडेला बसले आणि मोसंबीचा मध कसा चिक्कू असतो ते त्यांना सांगितलं. दहात दोन म्हणजे कमी नव्हे. ज्यानं तपासलं त्यानं सगळ्या मधांना एकच माप लावलं. मोसंबीत पराग तेवढाच असायचा.

सरांनी खाली वाकून एक पाकळी उचलली. मग म्हणाले, "म्हणजे ते पोरगं पासच होतं."

"हो, सर."

"अन् मी त्याला कॉपीत पकडून दिलं."

बाबारावांचं हसणं थांबलं. इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस पाकळ्यांकडे बघत उभा होता, आणि मला त्यांचा इतका कळवळा आला की त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. मी म्हटलं, "बाटल्यांतला मध मोसंबीचा म्हणून देता यायचा नाही, सर. पण पेट्यांत काही शिल्लक आहे का? ज्याला तुमचा ब्रश लागलेला नाही असं?"

पोळ्याच्या शेवटच्या काही फ्रेमा होत्या, मेणानं बंद केलेल्या. त्या काढल्या. माझ्या दुपट्ट्यात एक माशी शिरली आणि मानेला डसली; सरांनी डंख नखानं खरवडून काढला आणि डंख चिमटीत का धरू नये यावर छोटं व्याख्यान दिलं. त्यांचा आवाज थोडा सावरला होता.

ओसरी

ताजा मध गाळला, पाण्यात विरघळवला, यंत्र सरांनी फिरवलं. वहिनींच्या ओसरीत उन्हाचा कवडसा सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर घेऊन मी पट्टी लावली. बाबाराव दाराशी टेकून उभे. मी कण बघत गेले. करडईचे मोठे, काटेरी, सगळ्यात जास्त. काही कोथिंबिरीचे, लांबट. आणि मधूनमधून मोसंबी. दहात दोन, असेच काहीतरी.

"मंग?" बाबाराव म्हणाले.

खरी अडचण इथंच होती. एवढे मोसंबीचे कण पुरेसे होते, पण बांधापलीकडे करडई फुललेली. पराग एवढंच सांगतो की माशी कुठं कुठं गेली. मकरंद तिनं कुठून जास्त आणला, हे त्यावरून छातीठोक सांगता येत नाही. ते शेवटी नाक आणि जीभ सांगते, किंवा मोठी प्रयोगशाळा. आणि प्रयोगशाळेचं उत्तर यायच्या आधी जेसीबी आला असता. मी हे सगळं त्यांना सांगितलं.

"एवढंच ना?" सर एकदम उभे राहिले. "चव साहेब बघतात म्हणलात की तुमी! साहेबांना फोन लावा. बाटली आजच्याच गाडीनं पाठवतो. उद्या सकाळी चाखतील, फोनवर सांगतील."

"हां," बाबाराव म्हणाले. "साहेब म्हणतील ते मी मानतो. उद्यापतोर थांबतो."

वहिनींनी कोनाड्यातला माझा फोन आणून माझ्या हातात दिला.

मी फोन धरून बसले. सगळे माझ्याकडे बघत होते, आशेनं. म्हटलं, "ते नाहीत. गेल्या आषाढात गेले. मी काल बोलले नाही."

सरांनी चष्मा काढून पुसला. बाबाराव दारातून आत येऊन खाली बसले. वहिनी उठून आत गेल्या, आणि मला वाटलं, खोटं बोलले म्हणून त्यांना राग आला. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन चमचे होते.

"एक तुमी घ्या, एक मी घेते," त्या माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या. "मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पण एकटीनं कशाला घ्यायचा?"

मी इतकी वर्षं मध खाल्लेला आहे, पण असा घाबरून कधी खाल्ला नव्हता. माझी अशी पक्की समजूत झाली होती, की माझी जीभ त्याच्याबरोबर गेली. चमचा उजेडात धरला. रंग अगदी फिका, गवती चहाच्या पाण्यासारखा. वास घेतला. आधी फूल आलं, सकाळच्या बागेतलं. त्यामागून काळ्या द्राक्षाच्या सरबताचा वास आला. त्याला मिथाइल अँथ्रानिलेट असं लांबलचक नाव आहे, आणि मोसंबीच्या घराण्याच्या मधात ते सापडतं. मग जिभेवर ठेवला. गोडी हलकी, जिभेच्या कडांना किंचित आंबट, आणि अगदी शेवटी, गिळल्यावर, मोसंबीच्या सालीची पुसट कडवट चव. करडईचा जोर असता तर रंग चढला असता आणि घशाशी जडपणा आला असता. तो नव्हता.

"लहान लेकराच्या टाळूला येतोय तसला मऊ वास हाय," वहिनी म्हणाल्या. "चूक का बरोबर ते तुमी सांगा."

"बरोबर," मी म्हणाले, आणि सवयीनं डावीकडे वळले, त्याला विचारायला. तिथं ओसरीचा खांब होता. तेव्हा मला रडू आलं. वहिनींनी पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. मी डोळे पुसले आणि बाबारावांना सांगितलं, "मोसंबीचा आहे."

बाबारावांनी अगदी सरळ विचारलं, "साहेब असते तर हेच म्हणले असते का?"

"ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी म्हणतेय. मी लिहून देते."

त्यांनी मान डोलावली. खिशातून फोन काढून ते अंगणात गेले, आणि आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत राहिला. "आरं, परवा सगळी न्हाई काढायची. वाळलेली तेवढी काढ. विहिरीकडच्या वळी तशाच ठेव. ठेव म्हणलं ना? का म्हणजे? हाय तिचं काम."

निम्मी बाग राहिली. निम्मी गेली असणार. ते बघायला मी थांबले नाही. निघताना सर बाटल्यांची रांग पुढ्यात घेऊन बसले होते आणि प्रत्येक चिठ्ठीवरचं 'मोसंबीचा' आणि 'शुद्ध' हे दोन्ही शब्द सरळ रेघ मारून खोडत होते. उरला नुसता 'मध'. मी त्यांना म्हटलं, शुद्ध राहू द्या. ते म्हणाले, "न्हाई मॅडम. शिस्त म्हणजे शिस्त." वहिनींनी वाटेसाठी धपाटे बांधून दिले आणि फाट्यापर्यंत आल्या. एसटी हलली तरी त्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या.

पुणे

दुसऱ्या दिवशी दुपारी घराचं कुलूप उघडलं. पेटी खाली ठेवली, चपला काढल्या, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "मोसंबीचाच आहे रे."

नक्की का, असं विचारायला आत कोणी नव्हतं. तरी मी सांगितलं, "नक्की."